नोंदवहीत न आलेल्या चोऱ्या

सकाळी ६.४५

रविवारच्या पानासाठी मोठी बातमी हवी, असा निरोप काल रात्री संपादकांकडून आला. विषय एकच: कळंगुट-बागा-कांदोळी पट्ट्यात भुरट्या चोऱ्या वाढल्यात का? बार्देशच्या किनारी भागातल्या गुन्ह्यांच्या बातम्या मी देतो, त्यामुळे हा प्रश्न मला शॅकमालक विचारतात, पंचायतीतले पंच विचारतात, सुट्टीला यायचं ठरवणारे पुण्या-कोल्हापूरचे नातेवाईक फोनवर विचारतात. सगळ्यांना हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. निदान आज दिवसभर हाच प्रश्न धरून फिरायचं ठरवलं.

नोव्हेंबर संपत आलाय. कळंगुटच्या वाळूवर शॅक उभे राहिलेत, सफाई कामगार रात्रीच्या बाटल्या गोण्यांत भरतायत. एका शॅकचा मॅनेजर खुर्च्या मांडत होता. गेल्या आठवड्यात त्याचा स्पीकर आणि एक गॅस सिलिंडर रातोरात गेला. आत पोरं झोपली होती, कुणाला पत्ता लागला नाही. तक्रार दिलीस का, म्हटलं. नाही दिली. ‘सीझनमध्ये अर्धा दिवस स्थानकावर बसलो तर इथं गल्ल्यावर कोण बसणार? आणि सिलिंडर काय परत मिळणार आहे?’

साडेसातच्या सुमारास जीवरक्षक आपल्या मनोऱ्यावर आले. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. त्यांचं काम पाण्याकडे बघायचं, वाळूवरच्या पिशव्यांकडे नाही. तरी पिशवी गेली की माणसं आधी त्यांच्याकडेच धावतात. एकजण म्हणाला, ‘चार मित्र येतात, चौघंही एकदम पाण्यात शिरतात. कपडे, मोबाइल, पाकीट सगळं एका टॉवेलखाली. आम्ही शिटी मारतो ती लाटांसाठी, त्यांना वाटतं पोहू नका म्हणतोय.’ मग ते लोक काय करतात? थोडा वेळ शोधतात, एकमेकांवर चिडतात आणि हॉटेलवर निघून जातात.

सकाळी ९.००

किनारी भागातल्या एका पोलीस स्थानकाचं काउंटर. समोर दोन तक्रारदार. सोलापूरहून आलेलं जोडपं, सोबत नवऱ्याची धाकटी बहीण. आणि हुबळीचा एक कॉलेजातला मुलगा, अनवाणी. चपला नव्या होत्या, त्याही चोरांनी नेल्या.

दोघांची हकिगत जवळपास सारखी. काल सूर्यास्ताच्या वेळी बागा किनाऱ्यावर भाड्याच्या स्कूटर एकाच रांगेत लावल्या, सामान डिकीत ठेवलं, पाण्यात गेले. परत आले तर डिकी रिकामी. सोलापूरच्या बाईंचा मोबाइल गेला होता. चौदा हजारांचा, दिवाळीत हप्त्यांवर घेतलेला, अजून हप्ते चालू. हुबळीच्या मुलाचे दोन हजार आठशे रुपये रोख, चपला आणि पॉवरबँक.

हवालदार रात्रपाळी संपवून बदली माणसाची वाट पाहत होते. डोळे लाल. तरी बोलणं सौम्य होतं.

‘ताई, चोरताना कुणाला पाहिलंत काय?’

‘नाही हो दादा, आम्ही पाण्यात होतो.’

‘मग मोबाइल हरवला असं लिहून द्या. कागद आत्ता मिळतो. चोरी म्हणून लिहिलं तर जबाब होणार, जागेवर पंचनामा होणार. तुमची बस कितीला?’

बस संध्याकाळी साडेसहाला, म्हापशाहून. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं घड्याळाकडे. नणंदेनं पेन उचललंसुद्धा.

या पट्ट्यातल्या चोरीचा आकडा नेमका या काउंटरवर ठरतो. चोरी किनाऱ्यावर होते, पण ती ‘चोरी’ राहणार की ‘गहाळ’ होणार, ते बसच्या वेळेवर अवलंबून असतं. ज्याची चोरी होते तो इथला नाही. त्याच्याकडे एक दिवस उरलेला असतो, कधी काही तासच. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या माणसाला अख्खी दुपार पोलीस स्थानकाच्या बाकावर घालवायची नसते. आणि हरवल्याची नोंद गुन्ह्यांच्या आकड्यात कधीच धरली जात नाही.

मी मध्ये पडलो. ‘हवालदारसाहेब, सीटचं कुलूप वाकलंय का ते तरी बघा.’ नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो होता. सीटच्या मागच्या बाजूला प्लास्टिकवर ताजा पांढरा ओरखडा, कुलपाची जीभ तिरकी झालेली. हवालदारांनी फोटो मोठा करून बघितला आणि आत उपनिरीक्षकांना हाक मारली. मोबाइल आपोआप डिकीतून हरवत नाही, हे त्यांनाही मान्य झालं. गुन्हा नोंद झाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली. कायद्यानं एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यावी लागते, ती त्यांना मिळाली.

हुबळीच्या मुलाचं मात्र वेगळं झालं, आणि त्यात कुणाचा आळस नव्हता. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र केलेली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. भुकेपोटी काही उचलणाऱ्या पोराला तुरुंगात सडवण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण अदखलपात्र म्हणजे एफआयआर नाही. फक्त अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून घ्यायची, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. मुलाच्या चपला, रोकड, पॉवरबँक धरून बेरीज पाच हजारांच्या आत राहिली. त्याला एनसीचा कागद मिळाला. तो त्यानं घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, आता कुणी शोधणार का? उपनिरीक्षकांनी खरं ते सांगितलं: ‘दुसऱ्या केसमध्ये कोण सापडला आणि त्याच्याकडे तुझं सामान मिळालं, तर फोन करतो.’

एकच रांग, एकच संध्याकाळ, बहुधा एकच हात. एक चोरी आकडेवारीत गेली, दुसरी गेली नाही.

सकाळी ११.३०

म्हापशाचं न्यायालय. आज एक जुनं प्रकरण बोर्डावर होतं, कायदा बदलण्याआधीचं, म्हणून अजून भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली चालणारं. पर्यटकाची बॅग पळवल्याचा आरोप. तक्रारदार मध्य प्रदेशातला. समन्स न बजावता परत आलं, त्या पत्त्यावर आता तो राहत नाही. पंचनाम्यावर सही करणारा शॅकमधला वेटर होता. सीझन संपल्यावर तो ओडिशाला गेला आणि पुढच्या सीझनला दुसऱ्याच राज्यात कामाला लागला. सरकारी वकिलांनी तारीख मागितली, मिळाली.

आरोपी विशीतला. गुन्हा केला असेल, नसेलही. ज्यानं हे सिद्ध करायचं तो इथून हजार किलोमीटरवर आणि ज्यानं पाहिलं त्याचा पत्ता नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आता साक्ष दृक्-श्राव्य माध्यमातून घ्यायची सोय आहे, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. पर्यटनाच्या गावांना या तरतुदींची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि त्या इथं रोजच्या वापरात याव्यात म्हणून बार असोसिएशननं, पोलिसांनी, आम्ही पत्रकारांनीसुद्धा हट्ट धरायला हवा. साक्षीदारच न मिळाल्यानं आरोपी सुटतो तेव्हा तो निर्दोष असेल तर त्याच्यावरचा डाग पुसला जात नाही, आणि दोषी असेल तर त्याला किनारा मोकळा मिळतो. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, अशा किती प्रकरणांचं असंच होतं ते विचारू नका, सांगायला कुणी मोजलेलंच नाही.

दुपारी २.००

कांदोळीला एका आंटीकडे जेवलो. त्यांच्या घरामागे पाच खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतात. किंगफिशचा तुकडा वाढता वाढता त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. दोन वर्षांमागे पहाटे मिसाला जाताना मोटारसायकलवरून दोघांनी गळ्यातली चेन हिसकावली. आईची चेन. मानेवर ओरखडा अजून दिसतो.

आंटींनी तक्रार दिली, ओळख पटवायला गेल्या, न्यायालयात उभ्या राहिल्या, आणि चेन त्यांना परत मिळाली. ‘मी इथंच राहते ना बाब, माझ्या पाठीमागं लागण्याला पोलीस कंटाळले.’ स्थानिक माणसाची तक्रार तडीस जाऊ शकते, ती याच कारणानं. आता हिसकावणं हा नव्या संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी तो साध्या चोरीत किंवा जबरी चोरीत जायचा. म्हणजे इथंही जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही.

आंटींचं ठाम मत आहे की चोऱ्या वाढल्यात आणि त्या ‘भायले’ करतात. गावात बहुतेकांचं हेच म्हणणं आहे. मी त्यांच्याशी वाद घातला, कारण गप्प बसणं मला जमलं नाही. या पट्ट्यात भांडी घासणारे, बेड आवरणारे, शॅक बांधणारे, रात्री पहारा देणारे सगळे बाहेरूनच आलेले आहेत. ज्या गावात काम करणारे बाहेरचे आणि सुट्टीला आलेलेही बाहेरचे, तिथं पकडला जाणाराही बहुतेक वेळा बाहेरचाच असणार. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण चोऱ्या वाढल्याची बातमी पहिल्या पानावर आली की दोन दिवसांत भाडेकरू पडताळणीची मोहीम निघते. एका खोलीत सहा-सातजण राहणारे मजूर रांगेत उभे केले जातात, त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो. पडताळणी असावी, घरमालकानं भाडेकरूची नोंद द्यायलाच हवी. ती वर्षभर शांतपणे व्हावी, बातमी आली म्हणून नव्हे. आंटी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘माझ्याकडचा नेपाळचा पोर चांगला आहे, ते खरं.’

दुपारी ४.००

बुधवार, म्हणून हणजुणेचं फ्ली मार्केट. गर्दीत पाकीट मारलं जातं, हे जुनंच. मला भेटायचं होतं ते लमाणी बायकांना. किनाऱ्यावर मणी, पैंजण, ओढण्या विकणाऱ्या या बायकांवर प्रत्येक हरवलेल्या वस्तूचा पहिला संशय येतो. त्यांचं स्वतःचं काय जातं, ते कुणी विचारत नाही.

एकीनं सांगितलं: एका टोळक्यानं अठराशेचा माल घेतला, मोबाइलवर पैसे गेल्याची हिरवी खूण दाखवली आणि गेले. पैसे आलेच नाहीत. खूण खोटी होती. तिच्याकडचा क्यूआर कोड भाच्याच्या खात्याचा, भाचा हुबळीकडे गावी; त्याला फोन लागून खात्री होईपर्यंत ते पार्किंगमध्येसुद्धा नव्हते. तक्रारीचं नाव काढलं तर ती घाबरली. स्थानकावर गेलं तर आधी तिलाच विचारतील, विक्रीचा परवाना कुठाय?

पर्यटकानं केलेली ही चोरी. गरीब बाईची. नोंद कुठेच नाही. इतकी वर्षं किनाऱ्यावरची चोरी म्हणजे पर्यटकाची चोरी, असंच आम्ही छापत आलोय.

संध्याकाळी ५.४५

बागा. सूर्य पाण्याला टेकायला आलाय, सगळे मोबाइल पश्चिमेकडे वळलेत. रस्त्याच्या कडेला स्कूटरची रांग. मला काय बघायचंय ते भाड्यानं गाड्या देणाऱ्या मुलाला लगेच कळलं.

‘नंबरप्लेट बघा.’ भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. कायद्यानंच तसं ठरवलंय. दहा गाड्यांच्या रांगेत कुठली गाडी पर्यटकाची, हे लांबूनच समजतं. ओले टॉवेल हँडलला अडकवलेले, हेल्मेट आरशावर. मालक पाण्यात आहे, तो लगेच येणार नाही, आणि सगळं डिकीत आहे, हे सांगायला याहून जास्त काय हवं? मुलानं स्वतःच्या गाडीचं सीट मागून जोर लावून दाबून दाखवलं. जुन्या गाडीचं कुलूप ढिलं असतं, फट पडते. ‘मी प्रत्येकाला सांगतो, डिकीत काही ठेवू नका. गिऱ्हाईक हो हो म्हणतं आणि माझ्यासमोरच पर्स आत टाकतं.’

किनाऱ्यावर कुलूपबंद कपाटं का नाहीत? सामान ठेवायची पावती देणारी, पंचायतीनं किंवा पर्यटन खात्यानं चालवलेली? पार्किंगचे पैसे घेतले जातात, त्या पार्किंगवर संध्याकाळी पाच ते आठ एक माणूस फक्त रांगेत फिरायला का नाही? किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्याला आणि स्वयंपाकाला कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं दंड लावला: एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार. दंड वसूल करायला माणसं मिळाली. पहाऱ्याला मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

सोलापूरच्या बाईंचा याच वेळी फोन आला, नवऱ्याच्या मोबाइलवरून. बस लागली होती. चोरलेला मोबाइल बंद कसा करायचा, ते विचारत होत्या. मे २०२३ मध्ये संचार साथी हे संकेतस्थळ सुरू झालं. तिथं मोबाइलचा आयएमईआय क्रमांक देऊन तो देशभर बंद करता येतो, आणि कुणी त्यात नवं सिम घातलं की माग लागतो. पण त्यासाठी पोलिसांचा कागद लागतो आणि ओटीपी घ्यायला त्याच क्रमांकाचं दुसरं सिम. ते सिम सोलापूरला गेल्यावरच मिळणार. बँकेला मात्र आत्ताच फोन करा, म्हटलं, यूपीआय बंद करायला सांगा. आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर क्षणही न घालवता १९३० वर कळवा. ‘बँकेला सकाळीच सांगितलं,’ त्या म्हणाल्या, ‘नणंदेनं करायला लावलं.’

रात्री ८.१५

म्हापशाच्या कार्यालयात लिहायला बसलो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी आकडे काढतो, पण ते राज्य आणि जिल्ह्याचे, किनारपट्टीचे नव्हेत. दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे मोजतात, ती लोकसंख्या रहिवाशांची. २०११ च्या जनगणनेत गोव्यात १४ लाख ५८ हजार माणसं होती. पर्यटक २०१९ मध्ये ८० लाखांच्या आसपास आले, २०२० मध्ये करोनानं संख्या कोसळली, २०२४ मध्ये ती एक कोटीच्या वर गेली. त्यात जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरू लागली, ती सगळी माणसं बार्देशच्या आणखी जवळ आली. कोटीभर पाहुण्यांच्या चोऱ्या चौदा-पंधरा लाख रहिवाशांनी भागल्या, तर येणाऱ्या दराला काय अर्थ उरतो? शिवाय एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. आणि २०२४ च्या जुलैपासून पाच हजारांखालच्या चोऱ्या एफआयआरमधून गळाल्या. पुढच्या काही वर्षांत गोव्यातल्या चोऱ्या कमी झाल्या, असं कुणी व्यासपीठावरून सांगेल तेव्हा ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी.

मग माझं उत्तर काय? जे रोज बघतो त्यावरून सांगतो. येणाऱ्या माणसामागे चोऱ्या वाढल्या, असं मला वाटत नाही. एका चोरीत होणारं नुकसान मात्र नक्की वाढलंय. पूर्वी पाकीट जायचं, आता मोबाइल जातो आणि त्याच्याबरोबर बँक, तिकीट, ओळखपत्र, मुलांचे फोटो. शिवाय चोरीची एक नवी जात आलीय, जिचा चोर किनाऱ्यावर पाऊलही ठेवत नाही: इंटरनेटवर व्हिलाचे फोटो टाकून आगाऊ पैसे घेणारा. कुटुंब सामानासकट गेटवर उभं राहतं आणि आतला माळी सांगतो, इथं बुकिंग नाही. तक्रार त्यांच्या गावच्या सायबर स्थानकात जाते आणि कळंगुटच्या वहीत काहीच येत नाही.

वृत्तसंपादकांनी मथळा आधीच ठरवला होता: किनारी भागात चोऱ्यांचं पेव. मी नको म्हटलं. आधाराशिवाय तो मथळा छापला तर उद्या खोल्यांमधून मजूर बाहेर काढले जातील, आणि डिकीतली चोरी होती तशीच राहील. बरंच बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, आकडे आण, मग बघू.

रात्री १०.३०

आकडे मागायचे तर माहिती अधिकाराशिवाय इलाज नाही. अर्ज लिहायला घेतला. बार्देशच्या किनारी भागातल्या पोलीस स्थानकांसाठी, जानेवारी २०१९ पासून, महिनावार: चोरीचे एफआयआर किती, चोरीच्या एनसी किती, मोबाइल आणि सामान गहाळ झाल्याच्या नोंदी किती, त्यांतल्या तक्रारदारांचा पत्ता गोव्याबाहेरचा असलेल्या किती, परत मिळालेला मुद्देमाल किती, तक्रारदार हजर न राहिल्यानं सुटलेले आरोपी किती. शेवटचा प्रश्न पोलिसांकडे नसून अभियोजन खात्याकडे जायला हवा, हे ध्यानात आल्यावर तो वेगळ्या अर्जात घातला.

उत्तर द्यायला कायद्यानं तीस दिवस आहेत. म्हणजे आकडे हातात येतील तेव्हा नाताळची गर्दी भरात असेल. तोवर रविवारच्या पानासाठी डिकी, एनसी आणि लमाणी बाईची हकिगत, एवढं पाठवलं. मथळ्याची जागा रिकामी सोडली.